दुसरी तार

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक आधी जेवण कुठल्या बाजूला आहे ते बघतात. बायका एकमेकींच्या साड्या बघतात. मी छत बघते. दारातच उभी राहून, मान वर करून. मागून येणारे माझ्यावर आदळतात आणि पुटपुटतात. पुटपुटू देत. ज्या छताखाली तुम्ही नाचणार, जेवणार, नवरानवरीला उचलून घेणार, त्याला काय काय लटकवलंय ते बघायची तुम्हाला गरज वाटत नसेल, तर निदान मला तरी बघू द्या.

माझा धंदाच तो आहे. हॉलमध्ये, हॉटेलात, लॉनवरच्या मंडपात आरशाचे गोळे टांगायचे, त्यांना फिरवणारी मोटर बसवायची, त्यांच्यावर लाइट मारायचे. आमच्या शहरात आरशाचा गोळा कोणी म्हणत नाही, सगळे डिस्को गोळा म्हणतात. हळदीला तो हवा, संगीतला हवा, रिटायरमेंटच्या पार्टीला हवा. अंधार केला, गोळा फिरवला, की भिंतींवर उजेडाचे ठिपके पळायला लागतात आणि ज्यांनी जन्मात कधी पाय हलवला नाही ते काकासुद्धा खुर्चीतून उठतात. मला ते आवडतं. इतकी वर्षं झाली, तरी पहिला ठिपका भिंतीवरून सरकला की मला अजून बरं वाटतं.

पण माझं नाव गोळ्यासाठी नाही, कटकटीसाठी झालं आहे. "ती उस्मानपुऱ्याची बाई ना? काम चांगलं करते, पण डोकं लई खाते," असं माझ्याबद्दल हॉलवाले एकमेकांना सांगतात. एकानं तर तोंडावर सुनावलं होतं, "मॅडम, शादी है, पूल नहीं बनाना." मी काय विचारते? दोनच गोष्टी. वरचं ओझं कशानं धरलंय? आणि ते सुटलं तर दुसरं कशानं धरलंय? पहिल्या प्रश्नाला लोक कौतुकानं उत्तर देतात. दुसऱ्याला त्यांना राग येतो.

हे दोन्ही प्रश्न बाबांचे. ते आधी नाटकाच्या थिएटरात लाइट लावायचे, मग त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या एका खोलीत पलंगाखाली गोळे असायचे, जुन्या चादरींत गुंडाळलेले. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं आणि एखादी चादर सरकलेली असली, की वरच्या पत्र्यावर ठिपके उमटायचे. माझा धाकटा भाऊ ते पकडायला उड्या मारायचा. त्याच्या आधी, तो तान्हा असताना, आईनं त्याला साडीच्या झोळीत वाढवलं होतं. झोळी पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती आणि तिलाही बाबांनी एकाच्या जागी दोन दोर लावले होते. आई हसायची. "लेकराला झोका बांधलाय का हत्ती?" म्हणायची. बाबा हसायचे नाहीत.

गोळ्याबद्दल लोकांची एक ठरलेली चूक होते, ती त्यांनी मला फार लवकर सांगितली. गोळा मोठा दिसतो, चमकतो, म्हणून तो जड असेल असं सगळ्यांना वाटतं. तो आतून पोकळ असतो. वरून आरशाचे बारके तुकडे चिकटवलेले, एवढंच. आणि तो जड वाटतो म्हणून त्याला धरणारी मोटरही दणकट असेल असं लोक समजतात. ती मोटर म्हणजे तळहाताएवढी डबी. तिच्यातून खाली एक दांडी येते, दांडीला गोळा. तिला हळूहळू फिरायचं असतं, सरळ खाली लटकलेलं हलकं वजन घेऊन. त्यापलीकडं तिच्याकडून काही मागायचं नसतं. तरी हलका म्हणून गोळ्याला सोडून द्यायचं, असंही नाही. उंचावरून नारळ पडला तरी माणूस जातो.

"जे फिरतं ते सुटायला बघतं," बाबा म्हणायचे. म्हणून मोटर तुळईला किंवा लोखंडी चौकटीला बोल्टनं पक्की करायची आणि शिवाय मोटरीच्या अंगाला एक पोलादी तार बांधून ती भलत्याच दुसऱ्या जागी अडकवायची. गोळ्यालाही स्वतःची वेगळी तार. पण फिरणाऱ्या वस्तूला तार बांधली की ती पिळत जाते, पिळून पिळून तुटते. त्यावर उपाय दाखवायला बाबा आम्हा दोघा भावंडांना पाचोडच्या बाजारात घेऊन गेले होते. दाव्यांच्या आणि घुंगरांच्या ढिगातून त्यांनी एक भोवरकडी उचलली. दोन कड्या एकमेकींत बसवलेल्या, एक धरून ठेवायची आणि दुसरी गरगर फिरवायची. "बैल खुंट्याभवती कितीबी फिरू दे, दावं पिळत नाय," ते म्हणाले. आम्ही गोळ्याला वापरतो ती बैलाची नव्हे, किती वजन पेलेल ते कोरलेली पोलादी असते. पण मला ती दिसली की पाचोडचा बाजारच आठवतो, आणि भाऊ तिथं घुंगरांसाठी कसा रडला होता तेही.

बाबांचा आणखी एक नियम होता. गोळा टांगून झाला, मोटर चालू केली, की ज्यानं टांगला त्यानं त्याच्या बरोबर खाली बसून डबा खायचा. घाई करायची नाही. "तिथं बसून घास गोड लागला तर काम झालं. मान वर जायला लागली तर शिडी लाव." मी आजही बसते. मोठ्या हॉटेलांच्या चकाचक फरशीवर मांडी घालून भाकरी आणि ठेचा खाते. मॅनेजर नाक मुरडतात, तिकडं किचनमागं बसा म्हणतात. मी उठत नाही.

एका हॉटेलवाल्यानं बाबांना थर्टी फर्स्टच्या पार्टीचं मोठं काम दिलं होतं. गोळा स्लॅबखाली लटकवलेल्या खोट्या छताच्या पट्ट्यांनाच लावा, वर चढायला वेळ नाही, असा त्याचा हेका. बाबांनी गोळे चादरीत गुंडाळले आणि रिक्षात घालून घरी आणले. पैसे आले नाहीत, त्यापायी भावाची अजिंठ्याची सहल गेली. सगळा वर्ग गेला, तो घरी राहिला. त्या हॉटेलात त्या रात्री काही पडलं नाही. दुसऱ्याच कोणीतरी गोळा लावला, लोक नाचले आणि सुखरूप घरी गेले. भावानं हे पक्कं ध्यानात ठेवलं. मीही ठेवलं. फक्त आमचं ध्यानात ठेवणं वेगवेगळं होतं.

भाऊ शिकला, पुण्याला कंपनीत लागला, लग्न केलं. भावजय पाचोडकडची, कमी बोलणारी. आईबाबा दोघंही ते बघायला राहिले नाहीत. भावाला मुलगी झाली तेव्हा बारसं इथंच करायचं ठरलं, कारण सगळं गोत इथं आणि नाव ठेवणारी आत्याही इथंच. आमच्या घरात नाव आत्याच ठरवते आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कोणाला कळू देत नाही, बापालाही नाही. मी नाव ठरवलं होतं. रोज स्वयंपाक करताना मनात म्हणून बघायची. इतकं जपून मी आयुष्यात काही ठेवलं नव्हतं.

भावानं गारखेड्यातला एक एसी हॉल घेतला. मी म्हटलं, एवढ्याशा लेकराला एवढा हॉल कशाला. तो म्हणाला, "ताई, आपल्या आजोबानं लोकांच्या लग्नात मंडपाचे खांब रोवले आणि मंडपाबाहेर जेवला. बाबानं लोकांच्या पार्ट्यांना उजेड केला. आता एकदा तरी आपल्या लेकराला मंडपाच्या मधोमध राहू दे की." मला ते पटलंच होतं.

बारशाच्या सकाळी मी नवी साडी नेसून, पिशवीत चांदीचे वाळे आणि टोपडं घेऊन हॉलवर पोचले. दारातच मान वर गेली. हॉलच्या मधोमध, छतापासून लांब साखळीला, पांढऱ्या फुलांनी झाकलेला पाळणा लटकला होता आणि तो हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. त्याच्यावर गुलाबी लाइट सोडले होते. सुंदर दिसत होता, हे मी नाकारत नाही. मग माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथं सतरंजीवर डिस्को गोळा काढून ठेवला होता.

गोळा काढून त्याच मोटरीला पाळणा लावला होता.

भाऊ हसत पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर मी लहानपणी पत्र्यावरच्या ठिपक्यांच्या वेळी बघितलेला आनंद होता. "बघितलं का? तुझ्या धंद्यातलीच मोटर! म्हणलं आत्याला सरप्राइज देऊ." हॉलचा मॅनेजरही जवळ आला. फिरता पाळणा ही त्याचीच कल्पना होती आणि त्याला तिचा अभिमान होता. "मॅडम, आपल्याकडं आता हेच चालायलंय. लोक लई खूश होतात."

मी शिडी मागितली. भाऊ म्हणाला, आज नको. मी पुन्हा मागितली. नवी साडी वर खोचून चढले, छताचा एक चौकोन सरकवला आणि फोनच्या उजेडात बघितलं. मोटर खोट्या छताच्या पातळ पट्ट्यांवर स्क्रूनं बसवली होती आणि वर आधार म्हणून बांधकामाची काळी तार पिळून घातली होती. दुसरी तार कुठंही नव्हती. त्याच्या वर, हात पोचेल एवढ्या अंतरावर, स्लॅबमध्ये पंख्यासाठी सोडलेलं लोखंडी कडं होतं. रिकामं.

खाली येऊन मी शक्य तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. ही जागा पोकळ गोळ्यासाठीसुद्धा बरोबर नाही. पाळणा लोखंडी आहे, त्यात फुलं, त्यात गादी, त्यात लेकरू. आणि पाळणा नुसता लटकत नाही, तो हलतो. बायका त्याची दोरी ओढणार, पाळण्याच्या खालून-वरून बाळ एकमेकींच्या हातात देणार. हे सगळं तळहाताएवढ्या डबीच्या दांडीवर आहे. पाळणा खाली घ्या.

"मॅडम, टेस्टिंग केलंय की," मॅनेजर म्हणाला. "कांद्याचं पोतं ठेवलं होतं काल. तासभर फिरवलं. जरा पण नाय हललं."

"कांद्याला कोणी झोके देत नाही," मी म्हणाले.

आजूबाजूचे दोघंतिघं हसले आणि भावाचा चेहरा उतरला. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं लगेच सुचवलं, स्लॅबच्या कड्याला बांधून देतो, पाच मिनिटांत. मी विचारलं, ते कडं कोणी कधी तपासलंय? त्याला माहीत नव्हतं. ज्या कड्यानं कधी पंखाही धरला नाही त्याची पहिली परीक्षा माझ्या भाचीवर घ्यायची नाही, म्हटलं. ओझ्याची जागा आज बांधून आज त्यात लेकरू ठेवायचं नसतं. जमिनीवरचा लाकडी स्टँड आणा, साधा, नाहीतर मी उस्मानपुऱ्यातून मागवते. पण मंगळवारपर्यंत कुठलाच स्टँड मोकळा नाही असं मॅनेजरनं फोन लावून सांगितलं, आणि मी लावलेल्या फोनांनाही तेच उत्तर मिळालं. त्या दिवशी सगळ्या गावात बारशीच असावीत.

तोपर्यंत हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. बायका पाळण्याची गाणी म्हणायला गोळा झाल्या आणि भाऊ मला बाजूला घेऊन गेला.

"ताई, तू काय करायलीस? सगळे बघायलेत."

"बघू दे."

"तू बाबांसारखीच हायेस. कुठं सुख दिसलं की त्याच्यावर तार शोधायची. ते पण असंच करायचे. आणि काय पडलं गं कधी? एकदा तरी पडलं का?" त्यानं पाळण्याकडं हात केला. "मी झोळीत वाढलो. माझी पोरगी झोळीत नाय वाढणार. आजचा एक दिवस माझ्या मनासारखं होऊ दे."

मला त्याचा राग आला नाही. मला तो उड्या मारणारा पोरगा दिसला आणि वाटलं, जाऊ दे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. खरंच वाटलं. सगळ्या जगाला नाही म्हणणं सोपं असतं, स्वतःच्या भावाला नाही. पण वर ती काळी तार मी डोळ्यांनी बघितली होती. बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नाही.

तेवढ्यात चुलती आली. तिनं मला लहानपणी न्हाऊ-माखू घातलेलं, त्यामुळं तिचा माझ्यावर हक्क. "काय गं ए, लेकराच्या बारशाला पडल, सुटल, तुटल असं बोलतेस? अपशकुन करायलीस व्हय?"

"काकू, आपल्यात शकुन-अपशकुन कधीपासून सुरू झाला? आपल्या आजोबांनी तो सोडला म्हणून तर आपण आज इथं हाय. मुहूर्त बघितला नाही, पत्रिका काढली नाही, आणि आता तार तपासली तर अपशकुन?"

चुलती जास्तच चिडली. माझ्याही अंगाचा तिळपापड झाला होता. मी जाऊन पाळण्यापासून लांब एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाव माझ्यापाशी आहे. लेकरू त्या पाळण्यात ठेवलं तर ते माझ्या तोंडातून निघणार नाही. तुमचं तुम्ही ठेवा."

आत्यानं नाव अडवून धरलंय, असं आमच्या गोतात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. रुसवेफुगवे मानापानावरून होतात, साडीवरून होतात. छतावरून रुसलेली आत्या मीच पहिली असेन. लोक काय काय बोलले ते माझ्या कानावर आलं. धंद्याचा माज आलाय. भावाचं बरं बघवत नाही. मी वाळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

भाऊ म्हणाला, "ठीक हाय. मीच ठेवतो नाव." आणि बाळाला घ्यायला वळला.

बाळ भावजयीकडं होतं. तिनं ते दिलं नाही. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. नटूनथटून पाळण्याजवळ उभी होती आणि सगळं ऐकत होती. ती आता मॅनेजरकडं वळली आणि तिनं त्याला अगदी साधेपणानं विचारलं, "भाऊ, हे सुटलं तर दुसरं कशानं धरलंय?"

माझा प्रश्न. मी तिला कधी शिकवला नव्हता. माझ्या घरी चार दिवस राहिली असताना मी फोनवर कोणाशी तरी भांडत असेन, तेव्हा तिनं ऐकला असेल.

मॅनेजर म्हणाला, "वहिनी, सुटणारच नाय."

"ते नाय विचारलं मी," ती म्हणाली. मग ती तिच्या आईकडं गेली, आईच्या खांद्यावरची पिशवी उघडून त्यातून एक जुनी मऊ सुती साडी काढली, बाळाला पुसायला-गुंडाळायला आणलेली, आणि ती सतरंजीवर पसरली. "ताई," तिनं मला हाक मारली, "या इकडं. झोळी करू."

भाऊ म्हणाला, "झोळी नको." भावजय त्याला म्हणाली, "तुम्ही झोळीत वाढलात. पडलात का कधी?" एवढंच. तिच्या आवाजात चीडही नव्हती.

मी उठले. पाळण्यापासून लांब, खिडकीच्या बाजूला, साडीची चार टोकं उचलायला घेतली. मी म्हणाले, एकेका टोकाला दोघी धरा. कोणी हसलं नाही. बायका पुढं आल्या, भावजयीची आई, तिच्या बहिणी, माझ्या शेजारणी. एका टोकाला चुलती आली. माझ्याकडं न बघता तिनं साडी मुठीत गुंडाळून घेतली. पण तिच्या जोडीला कोणी पुढं आलं नव्हतं, आणि तिचे हात म्हातारे, हलणारे. मी भावाकडं बघितलं. पुरुष पाळण्याजवळ येत नाहीत, लांब उभे राहून फोटो काढतात. तो तसाच उभा होता, ओठ आवळून. मग त्यानं फोन खिशात घातला, आला, आणि चुलतीच्या हाताच्या वर घट्ट धरून उभा राहिला. माझ्याशी बोलला नाही.

भावजयीनं बाळाला झोळीत ठेवलं. जमिनीपासून हातभर उंच. बायकांनी गाणं सुरू केलं आणि आठ जणांनी मिळून झोका दिला, इतका हळू की बाळानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी खाली वाकले आणि जपून ठेवलेलं नाव तिच्या कानात सांगितलं. मागून पाठीवर बुक्के पडले. रिवाजच आहे तो, पण त्या दिवशी काहींनी ते जरा मनापासून घातले. मला चालले.

फुलांचा पाळणा जेवणं होईपर्यंत तसाच रिकामा फिरत होता. मोटर बंद करायचं कोणाला सुचलं नाही. तो पडला नाही. निघताना मॅनेजर मला म्हणाला, "बघा मॅडम, काही झालं का?" आणि आमच्या गोतातही आजपर्यंत हेच बोललं जातं, की आत्यानं उगाच तमाशा केला, पाळण्याला काही झालं नाही. मी कोणाला समजावत बसत नाही. माझं खरं ठरायला तो पडायला हवा होता का? मग माझं खोटंच राहू दे. जन्मभर राहू दे. बाबांचंही तसंच राहिलं. त्यांनी टांगलेलं काही कधी पडलं नाही, आणि जे त्यांनी टांगायला नकार दिला तेही पडलं नाही, म्हणून गावानं त्यांना हेकट ठरवून मोकळं केलं. मला हेकटाची लेक म्हणवून घ्यायला लाज वाटत नाही.

त्या हॉलचं काम पुढं मला कधी मिळालं नाही. भावाकडचे फोन यायचे ते भावजयीच्या फोनवरून, तेही बाळ दाखवायला. बाळ बसायला लागलं, मग रांगायला, मग भिंत धरून उभं राहायला. पाळण्याचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

मग एका संध्याकाळी त्याचा स्वतःच्या फोनवरून फोन आला. मागं मोठमोठ्यानं गाणी चालली होती. पुण्यात त्याच्या कंपनीची पार्टी होती, सगळ्यांची बायकापोरं आली होती.

"ताई," तो म्हणाला, "इथं वर गोळा हाय. मोठा." मग जरा थांबून, "मी बघितलं. एकच तार हाय."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं. "नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं. फोननं झूम करून पण बघितलं. खाली पोरं नाचायलेत सगळी." आणि मग लहानपणी असायचा तसल्या आवाजात, "मी आपल्या पोरीला घेऊन लांब बसलोय. भिंतीजवळ."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यानं मान वर केली होती. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं, खरं तर. पण मी त्याच बापाची लेक आहे.

"लांब बसू नकोस," मी म्हणाले. "ऊठ आणि सांग त्यांना."

"ताई, बॉस हाय समोर. सगळे काय म्हणतील?"

"डोकं खातो म्हणतील. ऊठ."

गाणं चालूच होतं. बाळाचा आवाज आला, काहीतरी बोबडं, त्याच्या छातीशी असावं इतकं जवळून. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि फोन न ठेवताच माझा भाऊ कोणाला तरी म्हणाला, "सर, एक मिनिट. हे सुटलं तर दुसरं कशानं धरलंय?"